लारा भारतात येईल, पण करेल काय?

‘टूम रेडर’ या व्हिडिओ गेममालिकेची नायिका लारा क्रॉफ्ट पुन्हा भारतात येतेय, ही बातमी डिसेंबर २०२५मध्ये ट्रेलरसकट आली. ‘टूम रेडर: कॅटलिस्ट’ २०२७मध्ये येणार असून कथा उत्तर भारतात घडते. लगेच चर्चा रंगली ती लाराच्या दिसण्याची. १९९६पासून ती अशीच रंगते आहे, आणि शाळेपासून गेम खेळत आलेल्या मला ती कायम अपुरी वाटते. गेममधलं पात्र डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं.

पहिली लारा इंग्लंडमधल्या डर्बीच्या ‘कोअर डिझाइन’मध्ये टोबी गार्डने घडवली. तिच्या बांध्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पण ती खेळून बघा. सगळं जग सारख्या चौकोनांत आखलेलं. लांब झेप घ्यायची तर आधी कडेला उभं राहायचं, मागे एक छोटी उडी मारायची, मग धावत सुटायचं. चालायचं बटण दाबून ठेवलं की ती कड्यावरून पडतच नाही. धावताना पडली, तर हिशेब आपला चुकला. थंड डोक्याची, अंगावर पूर्ण ताबा असलेली बाई उभी करायला तिथे एकही संवाद लागत नाही.

२०१३च्या नव्या अवताराचं लेखन रियाना प्रॅचेट यांनी केलं. इथली लारा तरुण आहे, घाबरलेली आहे. पहिल्यांदा माणूस मारल्यावर ती हादरते. तो प्रसंग अंगावर येतो. पण थोड्याच वेळात आपण माणसं टिपत सुटतो आणि डोक्यात नेम बसला की गेम वर जास्तीचे गुण देतो. कटसीनमधली, म्हणजे आपण नुसत्या बघतो त्या दृश्यांमधली लारा एक, आपल्या हातातली दुसरी. ही फट मला कोणत्याही तोकड्या कपड्यांपेक्षा जास्त खटकते.

भारताचंही तेच: तो कसा दिसतो यापेक्षा तिथे आपल्याला काय करायला लावतात, ते महत्त्वाचं. १९९८चा ‘टूम रेडर ३’ इथूनच सुरू होतो: माकडं, वाघ, नाग आणि पडकं देऊळ. देवळात शिवाच्या सहा हातांच्या मूर्ती जिवंत होऊन तलवारी परजत अंगावर येतात, त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या. गंगेची लेव्हल ओलांडली की कालियाच्या गुहा लागतात. आपला कालिया यमुनेच्या डोहातला, हे कुणाला तरी विचारता आलं असतं.

‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ या दुसऱ्या मालिकेतल्या गेमने २०१७मध्ये फार पुढची मजल मारली. भारतीय वडिलांची क्लोई फ्रेझर पश्चिम घाटात, होयसळांच्या अवशेषांत, गणपतीचा तुटलेला दात शोधते. परशुरामाची कथा त्यात नीट गुंफली आहे. मला भावतो तो तिचा फोन. एखादं शिल्प, एखादी दरी समोर आली की बटण दाबून फोटो काढायचा, बस्स. एका ठिकाणी ढिगाऱ्यात अडकलेल्या हत्तीला सोडवून क्लोई आणि तिची साथीदार त्याच्या पाठीवर बसून सावकाश निघतात. कुठे गोळीबार नाही. वडिलांच्या देशात आलेली मुलगी या दोन गोष्टींतून जितकी समजते तितकी मोठ्या धुमश्चक्रीतून नाही. उणीव एकच, आणि मोठी: सुरुवातीचं शहर मागे पडलं की घाटात राहणारं माणूसच दिसत नाही. भेटतात ते फक्त बंदूकवाले.

म्हणून ‘कॅटलिस्ट’मधल्या लाराचा चेहरा कसाही असो. देवळाच्या दारात उभं राहिल्यावर पिस्तुलाखेरीज दुसरं कोणतं बटण माझ्या हातात असेल? वाट विचारायला गावातलं कुणी भेटेल का, आणि ते माणूस लाराला ‘आत जाऊ नकोस’ म्हणालं, तर ऐकायची सोय गेममध्ये ठेवली असेल का?