सत्तावन्न किलोंचा पैलवान

यंदाच्या १५ जानेवारीला पैलवान खाशाबा जाधवांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्याआधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकालावर चिडून पैलवान शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. ते पाहिल्यापासून मला खाशाबांचं हेलसिंकी ऑलिंपिक आठवतंय.

१९५२. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती नुकती संपलेली. नियमानं अर्धा तास विश्रांती हवी, तरी खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवसमोर उभं केलं. हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. तरी गोळेश्वरच्या या पोरानं सत्तावन्न किलोंच्या गटात कांस्य आणलं. त्याला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. पुढं १९५५ मध्ये पोलिसांत फौजदारकी आणि मुंगीच्या पावलानं बढत्या. ती वर्षं सांगावीशीही वाटत नाहीत.

मी सांगणार ते ऐंशीचं दशक. कुंडलच्या कुस्ती मैदानावर तेव्हा माणूस मावत नसे. हलगी कडाडली की टेकडीपर्यंत फेटेच फेटे. पण वजनानं हलकी पोरं दुपारच्या उन्हात, चिल्लर इनामावर लढून मोकळी व्हायची. ढाक मारावी तर त्यांनीच! टाळ्या मात्र दिवेलागणीच्या नंबर एकच्या कुस्तीला, शंभर-सव्वाशे किलोंच्या मल्लांना. हारतुरे घेणारे पुढारीही तेव्हाच उगवत. या पोरांना गादीवर उतरवा, असं मी एका संयोजकाला सांगितलं. मातीची कुस्ती बाटवता का, असं त्यानं विचारलं. त्याच मातीतल्या खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी गादीवर तयार केलं होतं. हे त्याला पटलं नाही. त्या पोरांतली बहुतेक उसाच्या फडात गेली. मला त्याचा राग अजून आहे.

त्याच दशकात, १९८२ च्या दिल्ली एशियाडला खाशाबांच्या हाती मशाल दिली गेली. १४ ऑगस्ट १९८४ ला ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, सोळा वर्षांनी.

महाराष्ट्राला ऑलिंपिकचं पुढचं वैयक्तिक पदक २०२४ मध्ये मिळालं. स्वप्नील कुसाळेनं ते रायफलवर जिंकलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या कुस्तीची पाटी अजून कोरी आहे.

यंदाच्या मैदानात नंबर एकची कुस्ती सत्तावन्न किलोंची लावा, इनाम तिलाच सगळ्यांत मोठं ठेवा, आणि आखाड्याशेजारी एक गादी टाका. खर्च पुढाऱ्यांच्या फेट्यांतून निघेल.