नॅस घेण्याआधी स्वतःला विचारा: दुकान किती दिवस बंद परवडेल?



बॅकअपच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "ताई, नॅस कुठला घेऊ?" मॉडेलकडे येतेच. पण त्याआधी मला बसलेला फटका सांगते.

माझं दुकान पेणमध्ये आहे. पापड, पोहे, मसाले करणाऱ्या घरगुती उद्योगांना मी पॅकिंगचं सामान देते आणि लेबलं छापून देते. काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर जागा उरली नाही म्हणून जुनी डिझाइन्स एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवली. मनात म्हटलं, चला, बॅकअप झाला! कसला बॅकअप? इथून काढून तिथे ठेवलं, म्हणजे फक्त जागा बदलली. प्रत एकच राहिली.

ऐन एप्रिलमध्ये, पापडाच्या सीझनला, ती डिस्क टेबलावरून पडली. चार वर्षांची डिझाइन्स गेली. मग जुनी पाकिटं समोर ठेवून एकेक लेबल पुन्हा टाइप करत बसले. त्यात एका ताईंच्या १४ आकडी एफएसएसएआय नंबरात एक आकडा चुकला. छापलेली सगळी लेबलं रद्दीत. माझे पैसे गेले ते गेलेच, पण त्यांचा माल आठवडाभर अडकला. त्या परत माझ्याकडे आल्या नाहीत. डिस्क नवीन मिळते, ग्राहक मिळत नाही.

आधी दोन आकडे लिहा

पहिला आकडा: किती दिवसांचं काम पुन्हा करणं तुम्हाला परवडेल? एक दिवसाचं म्हणत असाल, तर बॅकअप रोज व्हायला हवा, आणि तो आपोआप व्हायला हवा. "रात्री आठवणीने करीन" हे दोन आठवडे चालतं, पुढे नाही.

दुसरा आकडा: डेटा परत मिळेपर्यंत दुकान किती दिवस बंद परवडेल? पेणमधल्या गणपतीच्या कारखान्याला श्रावणात ऑर्डरची यादी दोन दिवस मिळाली नाही, तर काय होईल ते मी सांगायला नको.

जीएसटीचंही लक्षात ठेवा. हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणजे मागच्या महिन्याची बिलं आहेत एवढ्यावर भागत नाही.

नॅस कोणाला हवा?

नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, डिस्क बसवलेला छोटा डबा. दुकानातले आणि घरातले सगळे कॉम्प्युटर वायरने किंवा वायफायने त्याच्यावर बॅकअप घेऊ शकतात. एकच कॉम्प्युटर असेल तर सरळ सांगते, नॅस घेऊ नका. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. बिलिंगचा एक, डिझाइनचा एक, घरी मुलांचा एक, असे दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर नॅसचा विचार करा.

घेताना काय बघायचं?

डिस्कच्या जागा: दोन डिस्कचा डबा घ्या. दोन्हींवर सारखाच डेटा राहतो, त्याला रेड-१ म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहतं. ४ टीबीच्या दोन डिस्क टाकल्या तर वापरायला ४ टीबीच मिळतात, ८ नाही. डबा आणि डिस्क यांची किंमत बहुतेक वेळा वेगवेगळी असते, तेव्हा कोटेशन दोन्हींचं मिळून मागा.

डिस्कचा प्रकार: नॅससाठी बनवलेली सीएमआर डिस्क मागा. डब्ल्यूडी रेड प्लस आणि सीगेट आयर्नवुल्फ या त्यातल्या आहेत. डेस्कटॉपची स्वस्त डिस्क टाकून पैसे वाचवू नका.

वेग: नॅस, राउटर आणि कॉम्प्युटर या तिघांचे पोर्ट गिगाबिट आहेत का बघा. गिगाबिटवर ५०० जीबीचा पहिला बॅकअप साधारण दीड तासात होतो. जुन्या १०० एमबीपीएस राउटरवर त्यालाच बारा तासांच्या वर लागतात.

जुन्या आवृत्त्या: स्नॅपशॉट किंवा व्हर्जनची सोय हवीच. आज चुकून फाइल बिघडवून सेव्ह केली, तर कालची परत काढता आली पाहिजे.

यूपीएस: आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. नॅसला यूएसबीने जोडता येणारा यूपीएस घ्या. बॅटरी उतरत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो.

आणि एक पथ्य: घराबाहेरून फाइल बघायच्या म्हणून नॅस थेट इंटरनेटला उघडा करू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅपचे इंटरनेटला उघडे असलेले नॅस गाठले आणि फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागितली. नॅसचं सॉफ्टवेअर अपडेट ठेवा.

दोन डिस्क म्हणजे दोन बॅकअप नाहीत

इथे बरेच जण फसतात. एका डिस्कवरची फाइल डिलीट झाली की त्याच क्षणी दुसरीवरचीही जाते. व्हायरसने एकीवर घाण केली की दुसरीवरही तीच.

उदाहरण शेजारच्या उरणचंच आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा सायबर हल्ला झाला. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि न्हावा शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवायचे, म्हणून वेगळ्या बॅकअपची गरज वाटली नव्हती. हल्ल्यात ते सगळे एकदम पुसले गेले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घानाचा. का? तिथे त्या वेळी लाइट गेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता!

एवढ्या मोठ्या कंपनीला लोडशेडिंगने वाचवलं. आपण नशिबावर का बसायचं? एक प्रत मुद्दाम तोडलेली ठेवायची.

तिसरी प्रत रोह्याला

बॅकअपचा जुना नियम आहे ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. जून २०२० चं निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ चा महाडचा पूर आपण पाहिलाय. दुकानात पाणी शिरलं तर कॉम्प्युटर आणि नॅस दोन्ही एकदमच जातात.

माझं माहेर रोह्याला. नॅसवरचा डेटा मी दोन पोर्टेबल डिस्कवर आळीपाळीने घेते, दोन्हींना पासवर्ड लावून. एक दुकानाबाहेर घरी, वायर काढून ठेवलेली. दुसरी आईच्या कपाटात, वरच्या फळीवर. महिन्यातून एकदा दिवा-रोहा गाडीने जाते, नवीन डिस्क ठेवते, जुनी घेऊन येते. आई म्हणते, "तुझ्या त्या डबीमुळे तरी येतेस!"

तुमचं कोणी दुसऱ्या गावात नसेल तर क्लाउड वापरा. सगळा डेटा नको, फक्त टॅलीचा बॅकअप, बिलं आणि चालू डिझाइन्स. तेवढ्याला फार जागा लागत नाही.

आजचं काम

नॅसची ऑर्डर आज देऊ नका. एक कागद घ्या. सुरुवातीचे दोन आकडे लिहा. मग ज्या दहा फाइल्स गेल्या तर दुकान थांबेल, त्यांची नावं लिहा आणि प्रत्येकीपुढे तिच्या प्रती कुठे कुठे आहेत ते लिहा. ज्या फाइलपुढे एकच जागा येईल, तिची कॉपी आज रात्रीच दुसऱ्या डिस्कवर घ्या. कॉपी म्हणतेय मी, हलवू नका!

आणि ती कॉपी उघडून बघा. उघडली नाही तर तो बॅकअप नव्हेच. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक जुनं लेबल बॅकअपमधून काढते आणि त्यावरचा १४ आकडी नंबर छापलेल्या पाकिटाशी ताडून बघते. पाच मिनिटं लागतात.

भेटू पुढच्या व्हिडिओत.