गेमिंग पीसी जोडताय? एसएमपीएसचं लेबल आधी वाचा

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जोडायचा म्हटलं की चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते. आय ५ की आय ७, यावर ग्रुपवर दोन दिवस वाद होतो आणि उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड बसवलं जातं. हिशेब उलटा हवा. गेममधलं चित्र तयार करण्याचं मुख्य काम कार्डचं असतं, म्हणून बजेटचा सगळ्यात मोठा वाटा त्यालाच द्या.

उदाहरणाला एक जोडी घेऊ: एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि रेडिऑन आरएक्स ६६००. प्रोसेसरला ६ कोअर, कार्डला ८ जीबी मेमरी. दोन्ही आता जुने, पण १०८०पी मॉनिटरवर बरेचसे गेम नीट चालवतात. मात्र ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. 'कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणाल तर तोवर स्क्रीन काळीच राहील. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यांचंही तेच.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन स्टिक घ्या. एकच स्टिक लावली तर मेमरीचा निम्मा मार्ग रिकामा राहतो. मदरबोर्ड साधा चालेल. जुन्या स्टॉकमधला बी४५० असेल तर दुकानातच बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर ५६०० लावून पीसी सुरूच होणार नाही.

आता खरी गोम. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर '५०० वॅट' असं ठळक छापलेलं असतं. ते सोडा, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच लाइनवर जगतात. समजा तिथे १६ अँपिअर आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आपल्या जोडीत प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ वॅटचं. बेरीज १९७, आणि पंखे, मदरबोर्ड अजून मोजलेलेच नाहीत! चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो.

कमजोर एसएमपीएसवर डेस्कटॉप, यूट्यूब सगळं छान चालतं. गेममध्ये लोड वाढला की पीसी अचानक बंद पडतो आणि लोक दोष विंडोजला देतात. हे झालं नशीब चांगलं असेल तर. नाहीतर एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जातो. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, हे वेगळं विचारा.

पैसे वाचवायचेच तर आरजीबी पंखे आणि काचेच्या कॅबिनेटवर वाचवा. सेकंड हँड कार्डही चालेल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर अशी बरीच कार्डं बाजारात आली. फक्त विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालवून बघा, तापमान आणि पंख्याचा आवाज तपासा. मूळ जीएसटी बिल मागायला लाजू नका, वॉरंटीच्या वेळी तेच लागतं.