मस्टँगची ६० वर्षं: धंद्यात काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही



"सर, दुकानात काहीतरी नवीन करायचंय, पण जुनं गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते." हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. आणि त्याच बॅचमध्ये दुसरा कुणीतरी म्हणतो, "जुनाच माल ठेवला तर पोरं समोरच्या दुकानात जातात." दोघांचंही खरं आहे. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी फोर्ड मस्टँगचं उदाहरण दिलं होतं. वेळेअभावी बरंच राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहितोय. गाड्यांचं वेड नसलं तरी वाचा. गाडी फक्त निमित्त आहे, गोष्ट गिऱ्हाइकाची आहे.

आधी गिऱ्हाईक शोधलं, मग गाडी

१९५७ साली फोर्डने एडसेल नावाची गाडी मोठा गाजावाजा करून बाजारात आणली. जाहिरात जोरात, अपेक्षा त्याहून जोरात. पण लोकांनी पाठ फिरवली. दोन-अडीच वर्षांत गाडी बंद करावी लागली आणि कंपनीचे सुमारे २५ कोटी डॉलर बुडाले. आजचे नाही, त्या काळचे डॉलर!

१९६० साली फोर्ड विभागाची सूत्रं ली आयाकोका यांच्याकडे आली. वय फक्त ३६. वडील इटलीहून अमेरिकेत आलेले, हॉटडॉगचं छोटं हॉटेल चालवणारे. म्हणजे गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचाच मुलगा.

त्यांनी पहिली गोष्ट काय केली? गाडी नाही काढली. गिऱ्हाईक कोण येणार आहे ते बघितलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पोरं आता गाडी चालवायच्या वयात येत होती. अनेक घरांत दुसरी गाडी घेतली जात होती. बायका स्वतःची गाडी स्वतः निवडू लागल्या होत्या. या सगळ्यांना स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी गाडी हवी होती, पण तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. गिऱ्हाईक तयार होतं, फक्त त्याच्यासाठी माल नव्हता.

चेहरा नवा, सामान जुनंच

आता गंमत बघा. अगदी नवीन गाडी बनवायला अफाट खर्च येतो आणि एडसेलचा चटका ताजा होता. मग त्यांनी फाल्कन ही आपलीच साधी, स्वस्त, घरगुती गाडी घेतली. तिचा सांगाडा, इंजिन, बरेचसे भाग तेच ठेवले आणि वर नवं अंग चढवलं. लांब बॉनेट, आखूड मागची बाजू, समोर जाळीत धावणारा घोडा. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरचा रानघोडा.

बाजारात आणण्याआधी त्यांनी डेट्रॉइट परिसरातली ५२ जोडपी बोलावली. मध्यम कमाईची, घरी एक गाडी असलेली. गाडी दाखवून किंमत ओळखायला सांगितली. लोकांनी खऱ्या किमतीपेक्षा निदान हजार डॉलर जास्तच सांगितले. खरी किंमत अडीच हजारांच्या आत आहे म्हटल्यावर, जे आधी "आमच्या कामाची नाही" म्हणत होते तेच ती घ्यायची कारणं शोधायला लागले. हा प्रसंग आयाकोकांनी स्वतः आत्मचरित्रात सांगितलाय.

१७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार ऑर्डर. पहिल्या वर्षात ४ लाख १८ हजारांवर गाड्या गेल्या आणि दोन वर्षं व्हायच्या आत १० लाखांचा टप्पा पार झाला.

कमाई कुठे होती? जास्तीच्या वस्तूंमध्ये. मूळ गाडी साधी, सहा सिलिंडरची. मोठं व्ही-८ इंजिन हवंय? वेगळे पैसे. एसी, चांगला रेडिओ, पॉवर स्टिअरिंग? वेगळे पैसे. गिऱ्हाईक सरासरी हजार डॉलर वरचे देत होतं आणि खूश होतं, कारण गाडी त्याच्या मनासारखी बनत होती. आपला पावभाजीवाला हेच करतो. साधी प्लेट परवडेल अशी ठेवतो आणि बटर, चीज, जास्तीच्या पावावर कमावतो.

मस्टँगचा शब्द काय होता, ते इथे वहीत लिहून ठेवा: दिसायला झोकदार, चालवायला मजेदार, खिशाला झेपणारी, आणि तुझ्या आवडीची. पुढची साठ वर्षं याच शब्दावर तोलायची आहेत.

यश अंगावर चढतं

धंदा चालला की स्पर्धक येणारच. शेवरोलेने १९६७ च्या मॉडेलसाठी कॅमेरो आणली. मग मोठ्या इंजिनाची शर्यत लागली. मोठं इंजिन बसवायचं म्हणून गाडी रुंद झाली, मग लांब, मग जड. १९७१ ची मस्टँग पहिल्या मस्टँगपेक्षा सुमारे ८ इंच लांब होती. आयाकोका स्वतःच या फुगलेल्या गाडीवर नाराज होते.

१९६६ मध्ये ६ लाखांवर विकली गेलेली गाडी १९७२ मध्ये सव्वा लाखावर आली. विम्याचे हप्ते वाढले होते, धुराचे नियम कडक झाले होते, हे खरं. पण "छोटी, हलकी, परवडणारी" म्हणून जिला घेतलं, ती गाडी तशी राहिलीच नव्हती.

हे वाचताना मला माझं दुकान आठवतं. माझं बॅगांचं दुकान कॉलेजच्या पोरांवर उभं राहिलं. सहाशे ते नऊशेच्या सॅक, चेन बिघडली तर फुकट दुरुस्ती. चार वर्षं बरी गेली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. बायकोचं सोनं गहाण ठेवून दुकानाचं नूतनीकरण केलं. काचेचा दरवाजा, एसी, पुढे महागड्या ट्रॉली बॅगा, सॅक मागच्या फळीवर. BBA केलं होतं ना, "प्रीमियम" शब्द तोंडात बसला होता!

एक दिवस एक पोरगा दरवाजा अर्धवट उघडून बाहेरूनच विचारतो, "दादा, इथे सॅक मिळतात का अजून?" त्याच्या मागे अकरा सॅक टांगलेल्या होत्या, पण त्याला त्या काचेतून दिसल्याच नव्हत्या. त्या रात्री गल्ला मोजायला वेळ लागला नाही, एवढं सांगतो. सोनं सोडवायला दोन वर्षं गेली. चूक सर्वस्वी माझीच होती.

छोटी झाली, विकली गेली, पण टोमणेही खाल्ले

सप्टेंबर १९७३ मध्ये फोर्डने मस्टँग टू आणली. पिंटो या छोट्या गाडीचे बरेच भाग वापरलेली, बरीच आटोपशीर. पुढच्याच महिन्यात अरब देशांनी तेलाची निर्यात रोखली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि या छोट्या गाडीला सुगीचे दिवस आले. १९७४ च्या मॉडेलच्या ३ लाख ८५ हजारांवर गाड्या गेल्या.

नशिबाने साथ दिली, पण वेळेवर आकार कमी करायचा निर्णय आधीच घेतला होता म्हणून साथ कामी आली. मात्र त्या वर्षी व्ही-८ इंजिन यादीतूनच काढलं होतं. परवडण्याचा शब्द पाळला, मजेचा मोडला. लगेच पुढच्या वर्षी व्ही-८ परत आणावं लागलं. आजही मस्टँगवेडे या पिढीला नाकं मुरडतात.

गिऱ्हाइकांनी वाचवलेली गाडी

१९७९ ला तिसरी पिढी आली. पण ऐंशीच्या दशकात कंपनीच्या मनात दुसरंच होतं. जपानच्या माझदाबरोबर बनवलेली, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची मस्टँग म्हणून आणायची. कागदावर हिशेब चोख होता. सगळं जग पुढच्या चाकांकडे वळत होतं, पेट्रोल वाचणार होतं.

१९८७ मध्ये ही बातमी बाहेर फुटली आणि फोर्डच्या कार्यालयात संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. लोकांचं म्हणणं एकच: मस्टँगची ताकद मागच्या चाकांना जाते, आत व्ही-८ घुमतं, ते काढलंत तर ती मस्टँग नाही. कंपनीने ऐकलं. ती नवी गाडी प्रोब या नावाने विकली आणि मस्टँग तशीच ठेवली. प्रोब १९९७ मध्ये बंद झाली. मस्टँग अजून चालू आहे.

रागावलेलं गिऱ्हाईक म्हणजे अजून तुमचं असलेलं गिऱ्हाईक. ज्याने मनातून सोडलं, तो पत्र लिहित नाही. तो गुपचूप समोरच्या दुकानात जातो.

नंतर काय झालं?

१९९४ मध्ये नवं रूप आलं. २००५ च्या मॉडेलमध्ये पहिल्या मस्टँगची आठवण देणारा चेहरा परत आणला, पण आतलं सगळं नवं. २०१५ च्या पिढीत प्रथमच कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची गाडी निघाली, म्हणून ती २०१६ ला आपल्याकडेही रीतसर आली. किंमत ६५ लाख! तिथे पगारदार पोरांची गाडी, इथे श्रीमंतांची हौस. म्हणजे एकच माल, बाजार बदलला की गिऱ्हाईक बदलतं.

२०१८ मध्ये एक कोटीवी मस्टँग बनली. त्याच वर्षी फोर्डने अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या सेडान गाड्या बंद करायचं ठरवलं, मस्टँग मात्र ठेवली. २०१९ मध्ये मस्टँग नावाची चार दारांची इलेक्ट्रिक गाडी दाखवली, त्यावर जुने लोक आजही भांडतात. पण तिच्यासाठी मूळ मस्टँग बंद केली नाही. कॅमेरोचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं. नव्या मस्टँगमध्ये व्ही-८ आणि हाताने टाकायचे गिअर दोन्ही अजून मिळतात.

सगळं गोडगोडही नाही. साठच्या दशकातले लाखांचे आकडे केव्हाच गेले आणि किंमतही ३० हजार डॉलरच्या वर गेलीय. "खिशाला झेपणारी" हा शब्द पाळणं दिवसेंदिवस अवघड होतंय. पण ती टिकून आहे, हेही खरं.

आजचा गृहपाठ

वही घ्या, मधोमध रेघ मारा.

डाव्या बाजूला लिहा: गिऱ्हाईक माझ्याकडेच का येतं? तुम्हाला वाटतं ते नको. पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. हा तुमचा शब्द, याला हात लावायचा नाही.

उजव्या बाजूला बाकी सगळं: फर्निचर, पॅकिंग, पुरवठादार, पैसे घ्यायची पद्धत, मालाचे प्रकार. हे गरजेप्रमाणे बेधडक बदला.

आणि नवीन काही करायचंच असेल, तर फोर्डने प्रोबचं केलं तसं करा. वेगळ्या नावाने, वेगळ्या फळीवर ठेवा. चाललं तर उत्तम, नाही चाललं तर मूळ धंदा शाबूत.

माझ्या दुकानात सॅक आता पहिल्या फळीवर आहेत, दारातूनच दिसतील अशा. ट्रॉली बॅगाही आहेत, पण आत. काचेचा दरवाजा मात्र काढून टाकला.

तुमच्या डाव्या बाजूला काय आलं ते खाली नक्की लिहा. मी प्रत्येक उत्तर वाचतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!