कानातील ठोके : नाडीवर बोटे ठेवून करावयाचे निदान

‘डॉक्टर, रात्री उशीवर कान टेकला की आत धाडधाड वाजतंय,’ अशी तक्रार आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. बहुधा आपण कर्णनादाचे निदान करून वातशामक तैलाचे कर्णपूरण व सारिवादी वटी योजतो. औषधालयात तर रुग्ण थेट कानाचे थेंब मागतो आणि घेऊन जातो. परंतु या आवाजाचा एक प्रकार असा आहे की ज्याचे मूळ पुष्कळदा कानात नसून रक्ताभिसरणात असते. तो वेळीच ओळखता यावा, यासाठी हा लेखप्रपंच.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग वर्णिले आहेत. भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाद ऐकू येणे तो कर्णनाद आणि वेणूसारखा स्वर ऐकू येणे तो कर्णक्ष्वेड. ध्वनीच्या स्वरूपावरून भेद करण्याची ही दृष्टी आजही उपयुक्त आहे. तिला नाडीपरीक्षेची जोड द्यावी. रुग्णाच्या एका हाताची नाडी पाहत असताना कानातील ठोके दुसऱ्या हाताच्या बोटाने मेजावर वाजवून दाखविण्यास त्यास सांगावे. ठोके नाडीशी जुळले तर कारण रक्तप्रवाहाशी निगडित समजावे. न जुळणारी अनियमित टिकटिक मध्यकर्णाच्या किंवा टाळूच्या स्नायूंच्या आकुंचनाने होऊ शकते. सततची शिट्टी वा गुणगुण हा तिसरा प्रकार. उद्यमनगर व शिरोलीच्या कारखान्यांत यंत्रांच्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्यांत त्याचा विचार प्रथम करावा.

नाडीशी जुळणारे ठोके ऐकू येण्याचे कारण शरीररचनेत आहे. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी शंखास्थीतून कानाच्या अगदी निकट जाते आणि मानेतील मोठ्या सिरेचा फुगीर भाग मध्यकर्णाच्या तळाशी असतो. एरवी बाहेरच्या आवाजांत हा प्रवाह लक्षात येत नाही. कानात मळ साचला, पडद्यामागे द्रव जमला किंवा कानातील अस्थिशृंखला ताठर झाली की बाहेरचे आवाज मंदावतात आणि आतले ठोके ठळक होतात.

दुसरे कारण म्हणजे प्रवाहाचा वेग वाढणे. पांडुरोग, गर्भावस्था व अवटु ग्रंथीचा अतिस्राव यांत हे घडते. चरकाचार्यांनी पांडुरोगाच्या लक्षणांत कर्णक्ष्वेडाचा आणि पूर्वरूपांत हृदयस्पंदनाचा उल्लेख केला आहे, तो या दृष्टीने मननीय आहे. फिकट दिसणाऱ्या स्त्रीच्या कानात तेल घालण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहणे हेच शास्त्रसंमत होय.

तिसरे कारण उच्च रक्तदाब व धमन्यांचे काठिण्य. येथे औषधालयचालकांनी विशेष लक्ष द्यावे. खोकला व अम्लपित्तासाठी सर्रास नेले जाणारे यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात क्षार व जल साठून रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णास ते महिनोन्‌महिने देऊ नये. लोणचे, पापड व खारवलेले पदार्थ यांचीही चौकशी करावी.

चौथा गट थोडा असला तरी गंभीर आहे. स्थूल तरुण स्त्रीस ठोक्यांसह शिरःशूल असेल आणि वाकताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर कवटीतील दाब वाढल्याची शंका घ्यावी. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिसेवनाने व टेट्रासायक्लीन गटातील औषधांनीही हा दाब वाढू शकतो. नेत्रतळाची तपासणी लांबली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. कानाच्या पडद्यामागे लालसर, स्पंदन पावणारी गाठ दिसल्यास तीस मुळीच छेडू नये. तीव्र रक्तस्राव होऊ शकतो. एकाच कानात ठोके असतील आणि कानामागे किंवा मानेवर श्रवणयंत्र लावल्यावर वैद्यासही घरघर ऐकू येत असेल, तर धमनी व सिरा यांचा अनैसर्गिक जोड किंवा धमनीचा संकोच असण्याचा संभव असतो.

कोल्हापूर ही तालमींची नगरी. मानेस पीळ किंवा हिसका बसल्यानंतर एखाद्या मल्लास एका बाजूस मानदुखी, शिरःशूल व कानात ठोके सुरू झाले, तर धमनीचे आतील अस्तर फाटल्याची शक्यता असते. त्यातून पक्षाघात ओढवू शकतो. अशा वेळी मानेचे मर्दन सर्वथा वर्ज्य करून त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

व्यवहारात पुढील क्रम ठेवावा. प्रथम नाडीशी मेळ पाहावा. मग रक्तदाब, कानाची तपासणी, मानेचे श्रवण, हिमोग्लोबिन व अवटु ग्रंथीची तपासणी करावी. पडद्यास छिद्र असल्यास वा कान वाहत असल्यास कर्णपूरण करू नये. एकाच बाजूचे ठोके, दृष्टिदोष, अकस्मात आलेले बाधिर्य अथवा भ्रम असल्यास रुग्णास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या सुसज्ज ठिकाणी कर्णतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधालयात थेंब मागणाऱ्यास ‘आवाज नाडीबरोबर येतो का?’ एवढे अवश्य विचारावे.

सर्वच ठोके भयावह नसतात. मळ काढल्याने वा पांडुरोग बरा झाल्याने ते थांबल्याचेही आपण पाहतो. परंतु निदान आधी व तैल नंतर, हा क्रम आपण पाळला पाहिजे. नाडीवर बोटे ठेवण्याची सवय आपल्या हातांस आहेच. कानाच्या रुग्णाबाबतही तिचा विसर पडू नये, एवढीच आमची विनंती.