शेक तोच, अंग वेगळे



कर्करोगावर किरणांचा उपचार करतात, त्याला आपल्याकडे ‘शेक देणे’ म्हणतात. एकाच रोगाच्या दोन बायांना सारखाच शेक दिला, तरी एकीची कातडी नुसती काळवंडते, दुसरीची सोलून निघते. मग गावात बोलणे सुरू होते, की डॉक्टरने शेक जास्त दिला. दर वेळी तसे नसते.

किरण पेशीतील जनुकांचा धागा तोडतात. निरोगी पेशी तो पुन्हा सांधतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितके जमत नाही. म्हणून शेक एकदम न देता थोडा थोडा, बहुधा आठवड्यातून पाच दिवस देतात. मधल्या वेळात निरोगी पेशींची डागडुजी होते. ही ताकद प्रत्येकाची सारखी नसते. एकाच पाटाचे पाणी पिऊन सगळी राने एकदम वाफशाला येतात का? तसेच हे.

थोड्या लोकांत हा दोष जन्मजात असतो. डागडुजीचा इशारा देणारे ‘एटीएम’ हे जनुक १९९५ साली सापडले. आई आणि बाप दोघांकडून ते बिघडलेले आले, तर नेहमीचा शेकही घातक ठरतो.

धागा चुकीचा सांधला गेला, तर दहा-वीस वर्षांनी दुसरा कर्करोग होऊ शकतो. लहान मुलांना हा धोका अधिक. मोठ्यांत तो थोडा आहे. अमेरिकेतील सुमारे साडेसहा लाख प्रौढ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत शेक घेतलेल्या दर हजारी, पंधरा वर्षांत, शेकाशी संबंध लावता येईल असे जादा कर्करोग सुमारे पाच निघाले. आणि कातडी सोलली म्हणजे पुढे कर्करोग होणारच, असेही नाही.

तेव्हा पुढच्या भीतीने आजचा उपचार सोडू नका. उसाला तोड आली म्हणून आठ दिवस शेक चुकवणे तर फारच वाईट. तेवढ्यात रोग पुन्हा जोर धरतो. त्रास झाला तर डॉक्टरांना लगेच सांगा. घरात कुणाला कमी वयात कर्करोग झाला असेल, किंवा स्वतःला पूर्वी शेक दिला असेल, तर ते शेक सुरू होण्याआधीच सांगा. उपचाराचे कागद सातबाऱ्यासारखे जपून ठेवा आणि बरे वाटले तरी तपासणीला जात राहा.