दुसऱ्याची लेकरं गाडीत बसवताय? आधी विम्याचा कागद वाचा



शाळा सुरू झाली की दीपनगर, फेकरी, पिंप्रीसेकम, वरणगाव या पट्ट्यात सकाळी एकच धावपळ असते. कोणी पोरांना रिक्षा लावतं, कोणी व्हॅन. कोणाच्या घरची गाडी भुसावळला जायची असते, म्हणून शेजारची चार पोरंही तिच्यात बसतात. हायवेवर राखेचे बल्कर आणि ट्रक चालूच असतात. गटातून कर्ज काढून गाडी घेणाऱ्या ताईही आहेत. त्यामुळे हा विषय पोरं पाठवणाऱ्या आईचाही आहे आणि गाडी चालवणाऱ्या घराचाही.

“गाडीचा विमा आहे ना, मग झालं,” असं आपण म्हणतो. पण नुसता विमा असून भागत नाही. तो कोणाला लागू आहे आणि गाडीच्या कोणत्या वापरासाठी काढलाय, हे बघावं लागतं.

थर्ड पार्टी आणि फुल विमा

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. पण हा विमा मुख्यतः आपल्या गाडीमुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली तर त्याच्यासाठी असतो. घरच्या कारमध्ये फुकट बसवलेल्या शेजारच्या पोरांना नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळत नाही. मोटारसायकलवर मागे बसलेल्यालाही नाही.

फुल विमा, म्हणजे पॅकेज पॉलिसी, असेल तर कारमधल्या माणसांनाही संरक्षण मिळतं. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणून आपल्या गाडीत दुसऱ्याची लेकरं नेहमी बसत असतील, तर वर्षाचे थोडे पैसे वाचवण्यासाठी फुल विमा बंद करू नका.

पैसे घेतले की हिशेब बदलतो

पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराची. तिच्या पॉलिसीत भाडं घेऊन गाडी वापरायची नाही अशी अट असते. महिन्याला पोरामागे ठरलेली रक्कम घेतली की ते भाडंच झालं. “फक्त पेट्रोलचे घेतो” म्हटलं तरी कंपनी हरकत घेऊ शकते. अशा वेळी फुल विमा असूनही कंपनी हात वर करू शकते. काही वेळा कोर्ट कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं, पण मग तीच रक्कम कंपनी गाडीमालकाकडून वसूल करते.

भाड्याने पोरं न्यायची असतील तर पिवळी पाटी, आरटीओचा परवाना, फिटनेस आणि प्रवासी वाहनाचा विमा, हे चारही पाहिजेत. अशा गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात प्रवासी धरलेले असतात. मात्र परवान्यावर जेवढी माणसं लिहिली आहेत तेवढ्यांचाच भार कंपनी उचलते. ४२ माणसांच्या बसमध्ये सुमारे ९० जण भरले होते, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये हेच सांगितलं. कंपनीने ४२ जणांपुरते पैसे भरायचे, बाकीचे मालकाने. रिक्षात कोंबून नेलेल्या पोरांचाही हिशेब याच वाटेने जातो.

छोटा हत्ती, पिकअप अशा माल वाहणाऱ्या गाडीत तर पोरं बसवूच नका. तिच्या विम्यात फुकट बसलेला प्रवासी धरलेला नसतो.

गाडी ताईच्या नावावर असेल तर

समजा एका ताईने गटाच्या कर्जातून व्हॅन घेतली. आरसी बुक ताईच्या नावावर, चालवतात घरचे दादा. अपघात झाला आणि कंपनीने नकार दिला, तर भरपाईचा बोजा ताईवर येतो. “मी तर स्टेअरिंगला हातही लावला नाही,” हे कोर्टात चालत नाही. वरून गटाचा हप्ता राहतोच.

आणखी एक गोष्ट. विम्यासोबत १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो. तो गाडी ज्याच्या नावावर आहे, त्यालाच आणि तो स्वतः चालवत असेल तरच लागू होतो. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या दादांना तो नाही. त्यांच्यासाठी चालकाचं जादा संरक्षण एजंटकडून पॉलिसीत लिहून घ्या. आपण बँकेतून २० रुपयांत काढतो ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही त्यांच्या नावाने काढा. ती १८ ते ७० वयासाठी आहे, लेकरांना लागू नाही.

अपघात झालाच तर

आधी ११२ ला फोन, मग दवाखाना. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो. पोलिसांत नोंद करा, पंचनाम्याची प्रत घ्या. “आपसात मिटवू” म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. त्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून उशीर करू नका. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. तिचा अर्ज शाळेमार्फत जातो, मुख्याध्यापकांना विचारा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

ज्या गाडीत आपली पोरं जातात तिच्या कागदांचा फोटो मागून घ्या. पॉलिसी इंग्रजीत असते, शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या.

१. पाटी पांढरी की पिवळी?
२. पॉलिसीवर ‘लायबिलिटी ओन्ली’ लिहिलंय की ‘पॅकेज’?
३. विम्याची, परवान्याची आणि फिटनेसची तारीख संपली तर नाही?
४. परवान्यावर किती जागा, आणि रोज पोरं किती?
५. चालवणाऱ्याचं लायसन्स चालू आहे का?

गाडीचा नंबर टाकून एमपरिवहन ॲपवरही विम्याची आणि फिटनेसची तारीख दिसते. शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. कागदात खोट दिसली तर एकटीने भांडू नका, पाच-सहा आया मिळून समितीपुढे विषय मांडा.

आणि गटातून गाडीसाठी कर्ज मंजूर करताना दरवर्षी विम्याची नवी प्रत गटाकडे जमा करायची, ही अट ठरावातच लिहून घ्या. त्याने ताईचं घरही वाचतं आणि गटाचा पैसाही.